अदृश्य शत्रूची सोय

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. महाराष्ट्रातील बहुतेक गावांत या वाक्याची बातमी होत नाही. तेथे वीज जाते, येते आणि पुन्हा जाते, आणि शेतकरी रात्री-अपरात्री उठून विहिरीवरची मोटार चालू करतो. मुंबईचे तसे नाही. अखंड वीज हा या शहराने आपला जन्मसिद्ध हक्क मानला आहे. त्यामुळे लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, उद्वाहने दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षांचा बोजवारा उडाला आणि करोनाच्या साथीने आधीच गांजलेल्या रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले, तेव्हा शहर प्रथम चकित झाले आणि मग संतापले. दुपारपर्यंत रेल्वे व अत्यावश्यक सेवा सुरू झाल्या. काही उपनगरांत मात्र वीज येईतो रात्र झाली.

या संतापाचे भीतीत रूपांतर व्हावयास वेळ लागला नाही. दोनच दिवसांनी तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असे सूचित केले. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी संस्थेच्या अहवालाचा हवाला देऊन एक वृत्त छापले. चीनशी संबंधित हॅकरांनी भारताच्या वीजयंत्रणेत शिरकाव केला असून मुंबईचा अंधार हा गलवानच्या संघर्षानंतरचा इशारा असू शकेल, असा त्याचा सूर होता. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल पुढे केला. वीज मंडळाच्या संगणकांत चौदा ‘ट्रोजन हॉर्स’ सोडले गेले असावेत आणि आठ जीबी माहितीची संशयास्पद देवाणघेवाण झाली असावी, असे त्यांनी सांगितले. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची कथा ज्यांना ठाऊक होती त्यांना आणि ज्यांना नव्हती त्यांनाही चौदा हा आकडा तेवढा लक्षात राहिला.

२ मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी नेमके उलट सांगितले. दोन पथकांनी चौकशी केली असून मुंबईतील बिघाड मानवी चुकीमुळे झाला. उत्तर व दक्षिण विभागांच्या भारप्रेषण केंद्रांवर सायबर हल्ल्याचे प्रयत्न झाले खरे, पण ते प्रत्यक्ष वीजप्रवाह हाताळणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. केंद्रात एका पक्षाचे सरकार आणि राज्यात दुसऱ्यांचे, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या सोयीचा निष्कर्ष उचलला असा अर्थ लोकांनी लावला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. मजेची गोष्ट अशी की ज्या अहवालावरून एवढा गदारोळ उठला त्यातच मुंबईच्या अंधाराशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे स्वच्छ नमूद होते. दहा वीजसंस्था आणि मुंबईसह दोन बंदरे हॅकरांच्या नजरेत होती, एवढाच त्याचा दावा होता. तो पुरेसा गंभीर होता. पण अहवाल वाचतो कोण? शहराच्या स्मरणात राहिले ते इतकेच की, एके दिवशी चीनने मुंबईचे बटण बंद केले.

या गलबल्यात एक प्रश्न मात्र मागे पडला. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या अतिउच्चदाबाच्या वाहिन्या अगदी मोजक्या आहेत. कळवा, पडघा व खारघर ही त्यांची नाकी. त्या दिवशी यांतील वाहिन्या एकामागून एक निकामी होत गेल्या आणि शेवटचा भार उरलेल्या वाहिनीला पेलवला नाही. असे कधीतरी होणार हे गृहीत धरूनच मुंबईसाठी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था फार पूर्वी केलेली आहे. बाहेरचे जाळे कोसळू लागताच शहराने क्षणार्धात त्यापासून अलग व्हावयाचे, काही भाग आपण होऊन अंधारात टाकावयाचा आणि स्वतःच्या वीजकेंद्रांवर रेल्वे, रुग्णालये, पाणीपुरवठा तगवावयाचा, अशी ही विजेच्या बेटाची कल्पना. या व्यवस्थेने पूर्वी शहराला अनेकदा वाचविले होते. १२ ऑक्टोबरला ती अपयशी ठरली, कारण बेटाच्या आतली निर्मिती त्या घटकेला मागणीच्या मानाने अपुरी होती. वाहिन्यांची निगा कोण राखीत होते, शहराच्या आत किती वीज सदैव सिद्ध ठेवावयाची आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हे खरे प्रश्न होते. ते रुक्ष आहेत. त्यांत चीन नाही, घोडा नाही. विक्रोळीपर्यंत ४०० किलोव्होल्टची नवी वाहिनी २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. तिची गरज त्याच्या कितीतरी वर्षे आधी सर्वांना ठाऊक होती.

या बेटाचा मुख्य आधार म्हणजे टाटांचे तुर्भे औष्णिक केंद्र. १९५६ पासून चालत आलेले हे केंद्र उभे आहे ते माहुलला. चेंबूरच्या मागे, खाडीच्या काठावर वसलेले माहुल हे मूळचे कोळी-आगऱ्यांचे गाव. आता त्याच्या एका अंगाला वीजकेंद्र, दुसऱ्या अंगाला स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात परकी कंपन्यांनी उभारलेले आणि सत्तरीच्या दशकात राष्ट्रीयीकरण झालेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने, जवळच खतांचा कारखाना, रसायने साठविणाऱ्या टाक्यांच्या रांगा आणि टेकडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात समोरच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, हेही नमूद केले पाहिजे. गावाची तेवढी एक प्रसन्न ओळख शिल्लक आहे.

हॅकरच्या भीतीला याहून योग्य रंगभूमी सापडणे कठीण. कोठेतरी दूर, हजारो मैलांवर, अंधाऱ्या खोलीत एक माणूस कळफलकावर बोटे चालवितो, येथे एक व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, दाब वाढत जातो, नियंत्रणकक्षातील पडदे मात्र सर्व आलबेल असल्याचे दाखवितात आणि मग आकाश लाल होते. हे दृश्य कोणालाही रंगविता येईल, कारण ते सर्वांनी पाहिलेले आहे. २००७ साली आलेल्या ‘डाय हार्ड’ मालिकेतील चौथ्या चित्रपटात खलनायक नैसर्गिक वायूचा सारा प्रवाह एका वीजकेंद्राकडे वळवून ते उडवून देतो. त्यानंतर आलेल्या देशी-विदेशी मालिकांनी याच प्रसंगाच्या आवृत्त्या काढल्या. कल्पित कथेचा परिणाम केवळ प्रेक्षकांवर होतो असेही नाही. १९८३ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट पाहिला. एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून संरक्षण खात्याच्या यंत्रात शिरतो आणि अणुयुद्ध ओढवते की काय अशी वेळ येते, ही त्याची कथा. असे खरोखर घडू शकेल काय, अशी पृच्छा रेगन यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना केली. स्थिती वाटते त्याहून वाईट असल्याचे उत्तर आले आणि १९८४ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षिततेविषयीचा अध्यक्षीय आदेश निघाला. म्हणजे एका करमणुकीच्या चित्रपटातून राष्ट्राचे धोरण जन्मास आले. हे चांगलेच झाले. परंतु त्याच चित्रपटातून हॅकर म्हणजे सर्वशक्तिमान, सर्वत्र पोहोचणारा आणि केवळ बुद्धीच्या बळावर जगाला वेठीस धरणारा, ही प्रतिमाही जन्मली आणि ती आजतागायत हलावयास तयार नाही.

प्रत्यक्षातले हॅकर या प्रतिमेहून अगदी निराळे आहेत. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांवर झालेला हल्ला हा वीज बंद पाडणारा जगातला पहिला सिद्ध झालेला सायबर हल्ला मानला जातो. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. कर्मचारी पडद्यासमोर बसलेले असताना त्यांच्या डोळ्यांदेखत बाण आपोआप सरकत होता आणि एकेक खटका पडत होता. प्रसंग थेट चित्रपटात शोभावा असा. पण हल्लेखोर आत शिरले होते ते अनेक महिने आधी, कोणीतरी ईमेलसोबत आलेली एक फाईल निष्काळजीपणे उघडली म्हणून. आणि वीज परत आली ती काही तासांतच, कारण लाइनमन गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले व त्यांनी हातांनी खटके वर केले. तेथील उपकरणे जुनी होती आणि ती हातांनी चालविणारी माणसे अजून नोकरीत होती. खर्च वाचविण्यासाठी माणसे कमी करून सर्व काही दूरनियंत्रणावर सोपविणाऱ्या आपल्याकडील व्यवस्थापनांनी हा तपशील भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

माहुलच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रकार २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात घडला. एरवी हल्लेखोर कारखान्याच्या कामकाजात अडथळा आणतात. येथे त्यांनी अपघात टाळणारी सुरक्षायंत्रणाच लक्ष्य केली. दाब वा तापमान हद्दीबाहेर गेले की सारा कारखाना सुरक्षितपणे बंद करणे हेच या यंत्रणेचे काम. तिलाच आंधळे करावयाचे, हा बेत. तो फसला, कारण त्यांच्याच आज्ञावलीतील दोषामुळे यंत्रणा सावध झाली आणि कारखाना बंद पडला. ज्यांना हॅकरचे संकट हा केवळ बागुलबुवा वाटतो त्यांनी हे उदाहरण विसरू नये. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहावी. त्या नियंत्रकावर एक साधी किल्ली असते. ती ‘चालू’ स्थितीत असली तर बाहेरून आज्ञा बदलता येत नाहीत. तेथे ती ‘बदल करा’ या स्थितीत तशीच ठेवलेली होती. जगातील एका अत्यंत कुशल हल्ल्याची वाट एका न फिरविलेल्या किल्लीने मोकळी केली.

घराजवळची उदाहरणे हीच गोष्ट सांगतात. माहुलच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे, घारापुरीच्या मागे न्हावाशेवा बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक आज्ञावलीने तेथील एका टर्मिनलचे संगणक बंद पाडले. कंटेनरांची नोंद हातांनी करावी लागली, ट्रकांच्या रांगा लागल्या. मुंबईवर झालेला हा खराखुरा सायबर आघात. पण तो मुंबईवर रोखलेलाच नव्हता. नेम युक्रेनवर होता, तेथील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून विष सोडले गेले आणि टर्मिनल चालविणाऱ्या डॅनिश कंपनीच्या जगभरच्या जाळ्यातून ते उरणच्या किनाऱ्याला लागले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली बरीच रक्कम बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतील एटीएममधून काही तासांत काढली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी उत्तर कोरियाकडे बोट दाखविले. पण कार्डे घेऊन रांगेत उभे राहावयास माणसे लागतातच, आणि ती कोल्हापुरातही मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. ही या गुन्ह्यातली अगदी खालच्या पायरीवरची माणसे होती.

या प्रकरणांचा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, परका शत्रू असतो, त्याचा हेतूही दुष्ट असतो, परंतु तो ज्या दाराने येतो ते बहुधा आतल्याच कोणीतरी उघडे टाकलेले असते. साहजिकच दार उघडे टाकणाऱ्याला शत्रूच्या सामर्थ्याचे वर्णन करण्यात मोठा रस असतो. शत्रू जितका अजिंक्य, तितका आपला दोष कमी. ही युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरमध्ये विषारी वायूने हजारोंचे बळी घेतले तेव्हा वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता आणि वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा कामास आली नाही. या गोष्टी जगजाहीर असतानाही युनियन कार्बाइडने वर्षानुवर्षे एकच पालुपद आळविले: एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. कंपनीने त्यासाठी सल्लागार नेमले, अहवाल लिहवून घेतले. आणि समजा, कोणी तसे पाणी सोडलेही असते, तरी तिन्ही संरक्षक यंत्रणा एकाच वेळी निकामी का होत्या, या प्रश्नाला ते उत्तर ठरत नव्हते. घातपाताच्या कथेचे काम उत्तर देणे हे नसतेच. प्रश्न दुसरीकडे वळविणे, एवढेच तिचे काम.

अमेरिकेतही हेच घडले. १४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. दोन वर्षांपूर्वीच्या ११ सप्टेंबरची आठवण ताजी होती, शिवाय त्याच आठवड्यात संगणकांत एक नवा किडा वळवळत होता. त्यामुळे दहशतवादी किंवा हॅकर यांखेरीज तिसरा विचार पुष्कळांच्या मनात आला नाही. चौकशीत निष्पन्न झाले ते असे: ओहायो राज्यात वाहिन्यांखालील झाडांच्या फांद्या वेळेवर छाटलेल्या नव्हत्या आणि नियंत्रणकक्षातील धोक्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर आपल्याच दोषाने मुके झाले होते. आपल्याकडे ३० व ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ दोन दिवस उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागाला त्याची झळ लागली. तेथेही मुळाशी होती ती अति भाराने दमलेली एक वाहिनी. फांदी छाटणाऱ्याची मजुरी वाचविली म्हणून महानगरे काळोखात बुडाली, ही कथा कोणी चित्रपटात घेणार नाही.

माहुलमध्ये भीती कमी नाही. पण तिला हॅकरची आवश्यकता पडलेली नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये येथील भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात भीषण आग लागून अनेकांचे प्राण गेले. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारी त्याच कारखान्यात स्फोट झाला. चाळीसहून अधिक जण जखमी झाले, आसपासची घरे हादरली आणि लोक मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर आले. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने माहुल व आंबापाडा येथील हवा रहिवाशांच्या प्रकृतीला घातक असल्याचा निष्कर्ष काढला होता. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत श्वासाच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आढळल्या होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसविली. इतके सारे कागदावर असताना महापालिका तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून तेथील कुटुंबांना कोठे पाठवीत होती? माहुलच्या ७२ इमारतींत. जलवाहिनीला घातपाताचा धोका आहे, तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या असल्या पाहिजेत, हे त्या झोपड्या पाडण्यामागचे एक कारण होते. काल्पनिक घातपात्यापासून पाण्याची नळी वाचवावी आणि त्यासाठी हजारो जिवंत माणसे खऱ्या विषारी हवेत नेऊन ठेवावीत, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ही कुटुंबे ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला, आपल्या मोडलेल्या घरांच्याच जागी, धरणे धरून बसली. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यापुढे कोणालाही माहुलला पाठवू नये आणि तेथून बाहेर पडणाऱ्यांना दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला.

भीती अशी रोजच्या श्वासात मुरलेली असली म्हणजे ती कोणत्या क्षणी पेट घेईल याचा नेम राहत नाही. ६ जून २०२० च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई या भागांत उग्र वास सुटला. महिन्यापूर्वीच विशाखापट्टणमला वायुगळती होऊन माणसे दगावली होती. लोकांनी दारेखिडक्या लावून घेतल्या, अग्निशमन दलाच्या गाड्या धावल्या. सप्टेंबर २०१९ मध्येही असेच झाले होते आणि वासाचा उगम सापडला नव्हता. ज्या शहराला आपल्या नाकात शिरणारा वास कोठून येतो हे सांगता येत नाही, त्या शहराला चीनमधून आलेला घोडा मात्र मोजून चौदा नग सापडतो!

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा भीतीच्या या बाजाराला ऊत आला. भारताचे सत्तर टक्के वीजजाळे सायबर हल्ल्याने बंद पडल्याची आवई समाजमाध्यमांतून फिरली. दिवे लागलेल्या घरांत, विजेवर भारलेल्या मोबाइलवर लोकांनी ती वाचली आणि पुढे धाडली. सरकारला तिचे खंडन करावे लागले. मुंबई विमानतळाची यंत्रणा हॅक झाल्याचे दावे झाले. तेही राज्याच्या सायबर विभागाने खोटे ठरविले. त्याच विभागाच्या म्हणण्यानुसार त्या काळात सुमारे पंधरा लाख हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि त्यांतले दीडशे यशस्वी ठरले. यातला पहिला आकडा मथळ्यांत गेला. दीडशे दारे कोणती, ती कोणी उघडी ठेवली होती आणि आता ती लावली काय, हे विचारण्यासाठी मथळ्यांत जागा उरली नाही.

सामान्य माणसाचे नुकसान होते ते आणखी वेगळ्या वाटेने. २०२२ मध्ये महाराष्ट्रभर हजारो मोबाइलवर एक संदेश येत होता: बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल, अमुक क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधा. संपर्क साधला की पलीकडचा ‘अधिकारी’ एक ॲप उतरवून घ्यावयास सांगे आणि खाते रिकामे होई. महावितरणला वारंवार इशारे द्यावे लागले. त्यानंतर ‘डिजिटल अरेस्ट’चे पेव फुटले. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही व्हिडिओसमोरून हलू नका, असे खोट्या पोलिसी गणवेशातला माणूस दरडावतो आणि निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले अधिकारी आयुष्याची पुंजी त्याच्या हवाली करतात. असली अटक कायद्यातच नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगावे लागले. या चोरांना संगणकशास्त्र फारसे येत नसते. त्यांना एवढेच पक्के ठाऊक असते की, या देशातला नागरिक यंत्राला आणि सरकारी अधिकाऱ्याला सारखाच घाबरतो आणि दोघांपैकी कोणालाही उलट प्रश्न विचारण्याची त्याला सवय नाही.

ही सवय लागू नये याची काळजी मात्र वरून घेतली जाते. कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या संगणकांत शिरकाव झाल्याची कुणकुण ऑक्टोबर २०१९ मध्ये लागली. २९ तारखेला केंद्राने ती अफवा म्हणून झटकली आणि ३० तारखेला अणुऊर्जा महामंडळाने कार्यालयीन जाळ्यातील एका संगणकात घातक आज्ञावली सापडल्याचे मान्य केले. अणुभट्टीची यंत्रणा त्या जाळ्यापासून पूर्णपणे अलग होती, हे सांगणे खरे असेलही. पण आदल्या दिवशी साफ नाकारणाऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या खुलाशावर लोकांनी किती विश्वास ठेवावा? सुरक्षिततेच्या नावाखाली अहवाल दडविले गेले की रिकाम्या जागा कल्पनेने भरल्या जातात, आणि कल्पनेने भरलेल्या जागेत नेहमी सर्वांत भयंकर तेच बसते.

भोपाळनंतर, १९८९ मध्ये, घातक रसायनांच्या निर्मिती व साठवणुकीसंबंधीचे नियम केंद्राने केले. कारखान्याने आपल्या हद्दीतील आपत्कालीन योजना आखावी आणि दर सहा महिन्यांनी तिची तालीम घ्यावी; हद्दीबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाने करावी आणि तिची तालीम वर्षातून एकदा व्हावी; मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते त्या सर्वांना धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करावे व काय करू नये, हे आगाऊ कळवावे, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. अपघात हॅकरने घडविला, गंजलेल्या जोडाने घडविला की झोपेला आलेल्या माणसाने, असा भेद नियमात नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या बाईला मुलांना घेऊन खाली उतरावयाचे की दारेखिडक्या बंद करून वरच थांबावयाचे, हे तिन्ही प्रसंगी सारखेच ठाऊक असावे लागते. भोंगा कसा वाजला म्हणजे कोणता धोका, वारा खाडीकडून असेल तर कोणत्या रस्त्याने निघावयाचे, शाळेतल्या मुलांचे काय, ही माहिती माहुल, आंबापाडा, गव्हाणपाडा येथील किती घरांत आज आहे, हे जिल्हा प्रशासनाने एकदा मोजून जाहीर करावे. या मोजणीला ना चिनी भाषा यावी लागते, ना संगणक.

२०२५ मध्ये महापालिकेने माहुलच्या याच इमारतींतील नऊ हजारांहून अधिक घरे आपल्या तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकत देऊ केली. मुंबईत या किमतीत घर मिळणे ही एरवी स्वप्नातली गोष्ट. मुदतवाढ देऊनही अर्ज आले ते काही शेकडे. जे कर्मचारी या शहराचा कचरा उचलतात, गटारे उपसतात आणि पाण्याच्या नळ्या सांधतात, त्यांना माहुलची माहिती कोणाच्याही अहवालाशिवाय होती.